क्रिकेटचा जन्मदाखला कोर्टाच्या दप्तरात

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळवण्याचा निर्णय त्याच अधिवेशनात झाला. यापूर्वी ऑलिंपिकमध्ये क्रिकेट एकदाच, १९०० साली पॅरिसला झाले होते. सामना एकच होता, संघ ग्रेट ब्रिटन आणि फ्रान्स असे दोनच होते, आणि फ्रान्सच्या संघातही बहुतेक खेळाडू तिथे स्थायिक झालेले इंग्रजच होते. या वेळी मात्र ज्यांनी जन्मात बॅट पाहिलेली नाही असेही प्रेक्षक असतील, आणि ते अडचणीचे प्रश्न विचारतील. खेळपट्टी बरोबर २२ यार्डांचीच का? काठ्या तीनच का? फलंदाजाने चेंडू दुसऱ्यांदा मारला तर त्याने कोणाचे काय घोडे मारले, की त्याला बाद द्यावे? आपल्याला हे प्रश्न पडत नाहीत, कारण प्रश्न पडण्याच्या वयाआधीच आपल्याला हे नियम पाठ झालेले असतात.

या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर खेळाच्या मैदानापेक्षा इंग्लंडमधल्या कोर्टाची, चर्चची आणि मृत्यूच्या चौकशीची जुनी दप्तरे उघडावी लागतात. क्रिकेटचा शोध कोणी एकाने लावलेला नाही. गावोगावची माणसे खेळत गेली, भांडत गेली, आणि भांडण मिटवण्यासाठी जे ठरले त्याला पुढे नियम असे भारदस्त नाव मिळाले.

पहिला साक्षीदार

लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात गिल्डफर्ड नावाचे गाव आहे. तिथल्या एका पडीक जागेवर एका खाणावळवाल्याने लाकडाची वखार थाटली होती, आणि ती जागा सार्वजनिक की खासगी यावरून १५९८ साली खटला उभा राहिला. (कागदावर १५९७ साल आहे, कारण त्या काळच्या इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे आणि साक्ष झाली ती जानेवारीत.) साक्षीला उभे राहिले जॉन डेरिक, वय वर्षे ५९. हे गृहस्थ पेशाने कॉरोनर होते, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे सरकारी अधिकारी. त्यांनी शपथेवर सांगितले की आपण गिल्डफर्डच्या शाळेत शिकत असताना सवंगड्यांसह याच जागेवर धावत असू आणि ‘क्रेकेट’ व इतर खेळ खेळत असू.

साक्षीदाराचे वय लक्षात घेतले तर ही गोष्ट १५५० च्या आसपासची ठरते. क्रिकेटचा निर्विवाद असा सर्वांत जुना लेखी उल्लेख तो हाच. डेरिकसाहेबांना खेळाविषयी काहीही सांगायचे नव्हते. जागा पूर्वीपासून मोकळी होती एवढेच त्यांना सिद्ध करायचे होते, आणि पोरे तिथे खेळत असत हा त्याचा पुरावा होता. ज्या खेळाच्या आकडेवारीवर आज हजारो माणसांचे पोट चालते, त्याची पहिली नोंद वखारीच्या भांडणात जाता जाता झाली, हे मला फार समाधानाचे वाटते.

त्याआधी काहीच नव्हते का?

होते, पण ते क्रिकेटच होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या खर्चवहीत १३०० साली एक नोंद सापडते. पंधरा वर्षांच्या राजपुत्राने ‘क्रेग’ आणि इतर खेळ खेळले, त्यापायी झालेला खर्च त्यात टिपला आहे. क्रेग म्हणजेच क्रिकेट असे काही उत्साही मंडळी म्हणतात, पण त्या खेळात काय करायचे असते याचा एक शब्दही वहीत नाही. नुसत्या नावाच्या साम्यावर वंशावळ जोडायची म्हटले तर जगात परके कोणीच उरणार नाही. फ्रान्सचाही असाच एक दावा आहे. तिथल्या राजाकडे १४७८ साली झालेल्या एका अर्जात ‘क्रिके’ नावाच्या खुंटाजवळ लोक चेंडू खेळत होते असा उल्लेख येतो. त्यावरून क्रिकेट फ्रेंच आहे असे म्हणणाऱ्यांना फ्रान्समध्येही फारसे अनुयायी मिळालेले नाहीत.

सर्वांत लोकप्रिय कथा मेंढपाळांची आहे. आग्नेय इंग्लंडच्या टेकड्यांवर मेंढ्या राखणारे लोक हातातल्या आकडीने लोकरीचा गोळा टोलवत आणि कुंपणाच्या फाटकाचा यष्टीसारखा उपयोग करत, असे ती कथा सांगते. गायीची धार काढायच्या तिवईला चेंडू लागू न देण्याचा स्टूलबॉल नावाचा खेळ ससेक्स परगण्यात होताच, तोही कोणी पूर्वज म्हणून पुढे करतात. मेंढपाळांना क्रिकेट खेळताना पाहिलेला साक्षीदार कोणीच नाही. तरीही या कथेत दोन गोष्टी पटण्यासारख्या आहेत. सुरुवातीच्या जवळजवळ सगळ्या नोंदी सरे, ससेक्स आणि केंट या एकमेकांना लागून असलेल्या तीन परगण्यांतल्या आहेत. शिवाय त्या काळी चेंडू हवेतून न टाकता जमिनीवरून घरंगळत सोडत असत, आणि त्यासाठी मेंढ्यांनी कुरतडून गालिच्यासारखे केलेले गवत लागते. गवत कापायचे यंत्र यायला अजून दोन-तीन शतके होती, त्यामुळे खेळपट्टी तयार करणारे पहिले कर्मचारी चार पायांचे होते असे म्हणायला हरकत नाही.

पण विटीदांडू तर आपला आहे!

हा आक्षेप येणारच, आणि तो अगदीच निराधार नाही. तुकोबांच्या गाथेत विटूदांडूवर अभंग आहेत, चेंडूफळीवरही आहेत. ससेक्सचे गावकरी रविवारी खेळल्याबद्दल दंड भरत होते त्याच सतराव्या शतकात आपल्याकडे हे खेळ अध्यात्म समजावण्याच्या कामी येत होते, म्हणजे प्रतिष्ठेच्या बाबतीत आपण पुष्कळच पुढे होतो. मात्र विटीदांडू इथून इंग्लंडला गेला आणि त्याचे क्रिकेट झाले, असे म्हणायला पुरावा लागतो, आणि तो नाही. डेरिकच्या बालपणी, म्हणजे १५५० च्या सुमारास, इंग्लंडचा भारताशी थेट व्यापारही सुरू झालेला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती १६०० साली. दुसरे असे की दोन्ही टोके निमुळती केलेली लाकडी विटी काठीने उडवून मारण्याचा खेळ खुद्द इंग्लंडातही टिपकॅट या नावाने खेळला जात असे. हातात काठी आणि समोर काहीतरी टोलवण्याजोगे असले की मूल जे करते ते करायला त्याला दुसऱ्या देशाकडून शिकावे लागत नाही.

रविवार, चर्चच्या खिडक्या आणि एक मृत्यू

१६११ साली ससेक्समधल्या सिडलशॅम गावात बार्थोलोम्यू वायट आणि रिचर्ड लॅटर या दोघांवर खटला झाला. ईस्टरच्या रविवारी चर्चला जाण्याऐवजी ते क्रिकेट खेळत होते. दोघांना प्रत्येकी १२ पेन्स दंड आणि वर जाहीर प्रायश्चित्त अशी शिक्षा झाली. म्हणजे तोपर्यंत खेळ पोरांकडून मोठ्यांकडे आला होता. ही प्रगती होती की अधोगती, ते ज्याने त्याने आपापल्या घरातला रविवार आठवून ठरवावे.

त्याच परगण्यातल्या बॉक्सग्रोव्ह गावची १६२२ ची तक्रार अधिक रंगतदार आहे. रविवारी चर्चच्या आवारात खेळणे हा गुन्हा तर होताच, पण तक्रारदाराने आणखी दोन कारणे जोडली. हे लोक चेंडूने चर्चच्या खिडक्या फोडतात, आणि एका लहान मुलीचे डोके बॅटीने फुटता फुटता वाचले. चर्चची देखभाल करणारे दोन माजी कारभारी या खेळाडूंना पाठीशी घालतात, असाही आरोप त्यात होता. काच फोडणारे, ओरडणारे आणि ‘खेळू द्या हो पोरांना’ म्हणून मध्ये पडणारे, असे तिन्ही पक्ष त्या कागदावर हजर आहेत.

बॉक्सग्रोव्हला जे टळले ते दोनच वर्षांनी, १६२४ मध्ये, हॉर्स्टेड केन्स इथे घडले. एडवर्ड टाय याने मारलेला चेंडू उंच उडाला. तो खाली येत असताना झेल जाऊ नये म्हणून टायने बॅट पुन्हा फिरवली, आणि तेवढ्यात झेल घ्यायला मागून धावत आलेल्या जॅस्पर व्हिनॉलच्या कपाळावर ती बसली. तेराव्या दिवशी व्हिनॉलचा मृत्यू झाला. कॉरोनरच्या चौकशीत हा दुर्दैवी अपघात ठरला आणि टाय सुटला. नोंद असलेला क्रिकेटमधला हा पहिला मृत्यू. तेवीस वर्षांनी सेल्सी गावात हेन्री ब्रँड नावाचा क्षेत्ररक्षक जवळजवळ याच पद्धतीने मरण पावला.

लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकाच्या एका प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. चेंडू मुद्दाम दुसऱ्यांदा मारणाऱ्या फलंदाजाला बाद देण्याचा नियम आजही नियमावलीत चौतिसावा आहे. आपली यष्टी वाचवण्यापुरता चेंडू पुन्हा अडवायला मुभा आहे, बाकी नाही. पुरुषांच्या कसोटी सामन्यांत या कलमाखाली अजून कोणी बाद झालेले नाही, त्यामुळे अनेकांना ते नियमावलीतले अडगळीचे सामान वाटते. त्यामागे दोन कवट्या आहेत हे माहीत असले की तसे वाटत नाही.

पैज लागली की लेखणी आली

भांडणे तोंडी मिटत होती तोवर नियम लिहून ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही. आपल्या वाड्यात किंवा सोसायटीच्या आवारातही ‘एक टप्पा झेल आउट’, ‘थेट गच्चीवर गेला तर आउट’ हे कोणी लिहून ठेवत नाही. चेंडू एकदा शेजाऱ्यांच्या गच्चीत अडकतो, वाद होतो, आणि त्या संध्याकाळपासून नियम लागू होतो. हीच व्यवस्था सरे आणि ससेक्समध्ये शंभर-दीडशे वर्षे चालली. मग खेळात पैसा आला.

सुरुवात माफक होती. १६४६ साली केंटमधल्या कॉक्सहीथ इथे झालेल्या सामन्यावर १२ मेणबत्त्यांची पैज लागली होती, आणि ती हरणाऱ्याने फेडली नाही म्हणून प्रकरण कोर्टात गेले. १६९७ पर्यंत मेणबत्त्यांच्या गिन्या, म्हणजे सोन्याची नाणी, झाल्या. त्या वर्षी ससेक्समध्ये अकरा-अकरा खेळाडूंचा मोठा सामना ५० गिन्यांच्या पैजेवर झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. सरदार, उमराव आणि जमीनदार आपापल्या पदरी चांगले खेळाडू बाळगू लागले. माळी म्हणून नोकरीला ठेवायचे आणि गोलंदाजी करवून घ्यायची, असा तो प्रकार होता.

एवढी रक्कम पणाला लागल्यावर ‘चल, पुन्हा टाक’ म्हणून वाद मिटत नाही. १७२७ साली रिचमंडचे ड्यूक आणि ब्रॉड्रिक नावाचे दुसरे एक धनिक यांनी आपल्यातल्या सामन्यांसाठी सोळा कलमांचा करारनामाच केला. त्यातले एक कलम मला विशेष आवडते. खेळाडूंपैकी कोणी निर्णयाबद्दल तोंड उघडले तर त्याला सामन्यातून काढून टाकावे, मात्र ड्यूकसाहेब आणि ब्रॉड्रिक यांना हे लागू नाही. पंचांशी वाद घालण्याचा अधिकार कोणाला असतो या प्रश्नाचे इतके प्रांजळ उत्तर नंतरच्या कोणत्याही नियमावलीने दिलेले नाही.

१७४४ साली लंडनमध्ये केंट आणि उर्वरित इंग्लंड यांच्यात मोठा सामना झाला. सगळ्यांसाठी समान अशी पहिली लेखी नियमावली त्याच वर्षीची. दोन काठ्या २२ इंच उंच, त्यांवर ६ इंचांची एक बेल (काठ्यांवर आडवी ठेवलेली लाकडी दांडी), षटकात चार चेंडू, सुरुवातीला नाणेफेक, आणि खेळपट्टी २२ यार्डांची असे तिच्यात ठरले.

बावीसच का? वीस का नाही?

कारण शेत. इंग्लंडमध्ये नांगरटीच्या एका एकराच्या पट्टीची रुंदी २२ यार्ड धरत. एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० साली जमीन मोजायची साखळी तयार केली तीही ६६ फुटांची, म्हणजे २२ यार्डांचीच ठेवली. गावात सर्वांना मान्य असलेले आणि कोणीही चटकन उचलून आणावे असे माप हेच होते. मात्र सगळे इतके सरळही नाही. १७२७ च्या करारनाम्यात हे अंतर २३ यार्ड दिले आहे. साखळीचे माप पक्के झाले ते १७४४ मध्ये.

ही साखळी पुढे आपल्याकडेही आली. महाराष्ट्रातला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. असे ४० गुंठे मिळून एक एकर. ३३ फूट ही बरोबर अर्धी गंटरची साखळी आहे. तेव्हा गोलंदाजाच्या काठ्यांपासून फलंदाजाच्या काठ्यांपर्यंतचे अंतर गुंठ्याच्या बाजूच्या नेमके दुप्पट भरते. वानखेडेवरची खेळपट्टी आणि सातबारावरचे क्षेत्र यांचे मूळ एकाच साखळीत आहे. बांधावरून भांडणाऱ्या भावांना याने काही दिलासा मिळेल असे नाही.

यष्टीएवढी रुंद बॅट

सुरुवातीच्या बॅटी हॉकीच्या काठीसारख्या खाली वळलेल्या असत, कारण चेंडू जमिनीवरून येत असे. १७६० च्या सुमारास गोलंदाज चेंडू हवेतून टाकून टप्पा पाडू लागले, तेव्हा वाकडी बॅट निरुपयोगी झाली आणि सरळ बॅट आली. पण तिची रुंदी किती असावी हे कोणी सांगितलेच नव्हते.

हॅम्पशायरमधला हॅम्बल्डन क्लब तेव्हा अव्वल होता. सप्टेंबर १७७१ मध्ये चर्टसी संघाविरुद्धच्या त्याच्या सामन्यात व्हाइट नावाचा फलंदाज यष्टीच्या रुंदीची बॅट घेऊन मैदानात उतरला. आता याला त्रिफळाचीत करायचे तरी कसे? तांत्रिकदृष्ट्या व्हाइटने एकही नियम मोडला नव्हता, आणि ज्याने नियमाच्या मोकळ्या जागेत बरोबर पाय ठेवला त्याला फसवा म्हणावे की अभ्यासू, याचे उत्तर आपण कोणत्या संघाकडून आहोत यावर ठरते. हॅम्बल्डनने तो सामना एका धावेने जिंकला. जिंकूनही त्यांचा राग गेला नाही. त्यांच्या गोलंदाजाने लेखी निषेध नोंदवला, बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांपेक्षा जास्त नसावी असे ठरले, आणि १७७४ च्या सुधारित नियमांत ते आले. क्लबने त्या मापाची लोखंडी चौकट करून ठेवली, म्हणजे संशय आला की बॅट त्यातून सरकवून पाहायची. अडीचशे वर्षांत बॅट जाड झाली, महाग तर विचारूच नका, पण रुंदी आजही सव्वाचार इंचच आहे.

तिसरी काठी

चारच वर्षांनी, मे १७७५ मध्ये, लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर पाच-पाच खेळाडूंचा सामना होता. शेवटचा फलंदाज होता हॅम्बल्डनचा जॉन स्मॉल आणि जिंकायला हव्या होत्या १४ धावा. समोर एडवर्ड स्टीव्हन्स, ज्याला सगळे ‘लम्पी’ म्हणत, अचूकतेसाठी नावाजलेला. लम्पीने स्मॉलला तीनदा चुकवले, आणि तिन्ही वेळा चेंडू दोन काठ्यांच्या मधल्या फटीतून, बेलला धक्काही न लावता, पलीकडे गेला. बेल पडली नाही म्हणजे फलंदाज बाद नाही. स्मॉलने त्या १४ धावा काढल्या.

एखाद्याची गोलंदाजी इतकी चांगली की ती नेमकी मध्यावरून जाते, आणि मध्यावरून गेली म्हणूनच ती फुकट, हे पाहणाऱ्यांनाही सहन झाले नाही. मधली फट बुजवण्यासाठी तिसरी काठी आली आणि काही वर्षांत ती सगळीकडे रुळली. त्यापूर्वी बाद झालेल्या कोणालाही मराठी समालोचकाला त्रिफळाचीत म्हणता आले नसते.

हात वर गेला तेव्हाचे भांडणही याच जातीचे आहे. हात वर उचलून चेंडू टाकणे पूर्वी निषिद्ध होते. केंटचा जॉन विल्स याने १८२२ साली लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर हात बाजूला फिरवून चेंडू टाकला, पंचांनी नोबॉल दिला, विल्सने चेंडू फेकला आणि तो घोड्यावर बसून निघून गेला. १८६२ मध्ये एडगर विल्शरला लागोपाठ सहा नोबॉल दिल्यावर तोही मैदान सोडून गेला. दोनच वर्षांनी, १८६४ साली, नियम बदलला आणि आजची गोलंदाजी कायदेशीर झाली.

मग याला सभ्य गृहस्थांचा खेळ का म्हणतात?

इतक्या खटल्यांनंतर हा प्रश्न रास्तच आहे. याचे एक उत्तर इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेत आहे. तिथे हौशी, म्हणजे पैसे न घेता खेळणाऱ्या श्रीमंतांना ‘जंटलमेन’ आणि मजुरी घेऊन खेळणाऱ्यांना ‘प्लेअर्स’ म्हणत. या दोन गटांतला सामना १८०६ पासून १९६२ पर्यंत होत राहिला. सभ्यता ही वागणुकीपेक्षा उत्पन्नाच्या साधनावरून ठरत होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर लॉर्ड्सवर पैजा घेणारे उघडपणे बसत असत, आणि १८१७ साली विल्यम लॅम्बर्ट या त्या काळच्या श्रेष्ठ फलंदाजावर सामना मुद्दाम हरल्याचा आरोप येऊन त्याला लॉर्ड्सचे दार बंद झाले. चारित्र्य घडवणारा खेळ ही कीर्ती नंतरची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या शाळामास्तरांनी मिळवून दिलेली. अमेरिकन लोकांना हे सगळे नवे वाटेल, पण जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १८४४ साली न्यूयॉर्कमध्येच झाला होता, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात. त्यावरही १,००० डॉलरची पैज होतीच.

आपल्याकडे तो कसा आला?

बोटीने, आणि तोही आंग्र्यांच्या निमित्ताने. क्लेमंट डाउनिंग नावाचा इंग्रज दर्यावर्दी १७२१ च्या सुमारास खंभातच्या आखातात अडकून पडला होता. आपण आणि आपले साथीदार रोज क्रिकेट आणि इतर व्यायामांत वेळ घालवत होतो, असे त्याने लिहून ठेवले. भारतातल्या क्रिकेटचा हा पहिला उल्लेख ज्या पुस्तकात आहे, त्याच्या शीर्षकातच कान्होजी आंग्रे यांचा ‘चाचा’, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणून उद्धार केलेला आहे. ज्यांच्या आरमाराने इंग्रजांना सळो की पळो केले त्यांना इंग्रज चाचा म्हणणारच. आपल्याला रस एवढाच की या देशातले क्रिकेट दप्तरी दाखल झाले तेही एका मोठ्या भांडणाच्या हकिकतीत.

मुंबईच्या पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला आणि फोर्टजवळच्या मैदानात खेळायला सुरुवात केली. त्याच मैदानावर गोरे साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडत असे आणि मग त्या जमिनीवर टप्पा पडलेला चेंडू कुठे जाईल ते गोलंदाजालाही सांगता येत नसे. १८८० च्या दशकात मैदान नक्की कोणाचे यावरून सरकारदरबारी अर्ज आणि प्रतिअर्ज सुरू झाले. त्या लढ्यातले एक अग्रणी शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पारशी क्रिकेटचा इतिहास इंग्रजीत छापला. भारतीयाने लिहिलेल्या क्रिकेटच्या अगदी पहिल्या इतिहासांपैकी तो एक, आणि त्याच्या शीर्षकाचा अर्धा भाग ‘युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट’ या जागेच्या तंट्याला दिलेला आहे.